वारे, तोफा आणि परवाने : युरोपच्या सागरी विस्ताराविषयी वाचकांचे प्रश्न

पंधराव्या ते सतराव्या शतकांत युरोपीय दर्यावर्दींनी केलेल्या सफरी आणि त्यांच्यामागून उभी राहिलेली साम्राज्ये या विषयावरील वाचकांचे प्रश्न या वेळच्या सदरात एकत्र घेतले आहेत. ज्या पत्रांचा आशय सारखा होता त्यांचा एकच प्रश्न केला आहे. काही उत्तरे लांबली आहेत, कारण पाठ्यपुस्तकांतील एका ओळीच्या विधानाची शहानिशा एका ओळीत करता येत नाही.

प्रश्न : १४५३ मध्ये उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, त्यामुळे खुश्कीचे मार्ग बंद झाले आणि म्हणून युरोपीयांना भारताकडे जाणारा समुद्रमार्ग शोधावा लागला, असे आम्ही शाळेत शिकलो, आता आमची मुलेही तेच शिकत आहेत. हे कारण पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे तर नाहीच, पण तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर मुख्य कारण म्हणूनही ते टिकत नाही. पोर्तुगालने उत्तर आफ्रिकेतील सेउता हे बंदर १४१५ मध्ये जिंकले. जिल एआनिश या कप्तानाने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बोजादोर भूशिर १४३४ मध्ये ओलांडले. १४४४ मध्ये तर त्या किनाऱ्यावरून पकडून आणलेल्या २३५ माणसांची वाटणी पोर्तुगालमधील लागुश बंदराबाहेर उघड्या मैदानात झाली, आणि आईबापांपासून मुलांना वेगळे करतानाचा आक्रोश राजदरबारच्याच बखरकाराने, झुरारा याने, लिहून ठेवला. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडले त्या वेळी पोर्तुगीज जहाजे जवळजवळ दोन दशके आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत होती.

दुसरी गोष्ट मार्गांची. मलबारची मिरी आणि मलुकू बेटांची लवंग युरोपला जात असे ती मुख्यतः तांबड्या समुद्रातून जिद्दा, कैरो आणि अलेक्झांड्रिया या वाटेने, किंवा सीरियातून बैरूतच्या बंदरात. हा सगळा मुलूख इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या ताब्यात होता आणि उस्मानींनी तो १५१६-१७ मध्ये घेतला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला येऊन गेल्यावर सुमारे अठरा वर्षांनी. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर वर्षभराच्या आतच, १४५४ मध्ये, उस्मानी सुलतानाशी तह करून आपला व्यवहार चालू ठेवला होता. मसाल्यावर मामलुकांची जकात आणि व्हेनिसचा नफा चढत असल्यामुळे तो युरोपात महाग पडत असे हे खरे आहे, पण महाग असणे वेगळे आणि वाट बंद होणे वेगळे.

मग पोर्तुगाल दक्षिणेकडे कशासाठी गेला? प्रथम सोन्यासाठी. पश्चिम आफ्रिकेतील सोने तोपर्यंत उंटांच्या काफिल्यांनी सहारा ओलांडून भूमध्य किनाऱ्यावर येत असे. ते समुद्रमार्गाने थेट मिळवता आले तर मधले सगळे हात टळणार होते. सोन्याच्या जोडीला गुलामांचा व्यापार होता, मदेइरा बेटावर लावलेल्या उसाची साखर होती, मुसलमान सत्तांविरुद्धच्या धर्मयुद्धाची जुनी ओढ होती आणि त्यांच्या पलीकडे कोठेतरी प्रेस्टर जॉन नावाचा ख्रिस्ती राजा राज्य करतो, तो आपला मित्र होईल, अशी आशाही होती. १४६९ मध्ये राजाने फेर्नांव गोमिश या लिस्बनच्या व्यापाऱ्याला गिनी किनाऱ्याच्या व्यापाराचा मक्ता दिला आणि त्यात अट घातली, की त्याने दरवर्षी शंभर लीग (अंतराचे जुने माप) नवा किनारा धुंडाळलाच पाहिजे. माझ्या मते हा करार त्या युगाची रीत समजून घेण्यासाठी कोणत्याही शौर्यकथेपेक्षा अधिक उपयोगी आहे. पुढचा किनारा पाहण्याचा खर्च मागच्या किनाऱ्यावरील नफ्यातून निघत होता. १४८२ मध्ये आजच्या घानाच्या किनाऱ्यावर साव जॉर्ज द मिना हा किल्ला उभा राहिला, तेथील सोने राजाच्या तिजोरीत येऊ लागले आणि त्यानंतरच, दुसऱ्या जॉन राजाच्या काळात, आफ्रिकेला वळसा घालून भारत गाठण्याचा बेत स्पष्टपणे आखला गेला. बार्तोलोमेउ दियाश १४८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकापलीकडे जाऊन परतला तो या आखणीचा भाग म्हणून.

प्रश्न : पृथ्वी गोल आहे हे सिद्ध करण्यासाठी कोलंबस निघाला आणि त्या काळच्या विद्वानांनी त्याला वेड्यात काढले, हे खरे आहे का?

उत्तर : नाही. पंधराव्या शतकातील शिकलेल्या युरोपीय माणसाला पृथ्वी गोल असल्याचे ठाऊक होते. वाद होता तो तिच्या आकारमानाचा, आणि त्या वादात विद्वानांची बाजू बरोबर होती. कोलंबसाने अंशाच्या लांबीसाठी नवव्या शतकातील खगोलशास्त्रज्ञ अल्-फरघानी याचा आकडा घेतला, परंतु अल्-फरघानीचा अरबी मैल त्याने आखूड इटालियन मैल समजून मोजला. त्यामुळे त्याची पृथ्वी खऱ्या पृथ्वीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने लहान झाली. शिवाय आशिया खंड पूर्वेकडे फार दूरवर पसरला आहे असे त्याने धरले. या दोन्हींची बेरीज होऊन कॅनरी बेटांपासून जपान सुमारे २,४०० सागरी मैलांवर आहे, असा त्याचा हिशेब झाला. प्रत्यक्षात ते अंतर १०,००० सागरी मैलांहून अधिक आहे. पोर्तुगालच्या राजाच्या जाणकारांनी आणि नंतर स्पेनमधील कास्तील राज्याच्या मंडळाने त्याचा प्रस्ताव नाकारला तो या आकडेमोडीमुळे. वाटेत अमेरिका आडवी आली नसती तर त्याचे खलाशी अन्नपाण्यावाचून मेले असते.

राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांनी शेवटी होकार दिला तो ग्रानादा हे स्पेनमधील शेवटचे मुसलमानी राज्य १४९२ च्या जानेवारीत जिंकून झाल्यावर. तीन जहाजांचा खर्च एका मोठ्या राज्याच्या दृष्टीने फार नव्हता, आणि पोर्तुगाल आफ्रिकेकडून पुढे निघून जात असताना हातावर हात ठेवून बसणे कास्तीलला परवडणारे नव्हते.

प्रश्न : वास्को द गामाला आफ्रिकेहून भारतापर्यंतची वाट एका भारतीय तांडेलाने दाखवली, असे ऐकले आहे. तसे असेल तर त्या सफरीत पोर्तुगीजांचे स्वतःचे काय कर्तृत्व होते?

उत्तर : पत्रातील दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत, म्हणून दोन्हींचे उत्तर द्यायला हवे. पूर्व आफ्रिकेतील मालिंदीच्या सुलतानाने गामाला एक अनुभवी वाटाड्या दिला, यात शंका नाही. तो प्रसिद्ध अरब नौकाशास्त्रज्ञ अहमद इब्न माजिद होता, असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. परंतु ते नाव सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका अरबी ग्रंथावरून रूढ झाले, आणि पोर्तुगीज इतिहासकार मात्र त्या वाटाड्याला गुजरातचा म्हणतात. इब्न माजिद तोवर बराच वृद्धही झाला होता. म्हणून आज बहुतेक अभ्यासक ते नाव मान्य करत नाहीत, आणि तो गुजराती होता हे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. त्या वाटाड्यासह गामाची जहाजे एप्रिलच्या अखेरीस निघून सुमारे २३ दिवसांत मलबारच्या किनाऱ्यावर आली. परतताना गामाने वाऱ्यांचे गणित जाणणाऱ्यांचे ऐकले नाही. ईशान्येचे वारे सुरू होण्याआधीच, ऑगस्टच्या अखेरीस, तो मलबारहून निघाला, आणि तोच समुद्र ओलांडायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले. ताज्या अन्नाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाने इतके खलाशी मेले की उरलेल्यांना तीन जहाजे हाकता येईनात, म्हणून 'साव राफाएल' हे जहाज त्यांनी स्वतःच जाळून टाकले. सुमारे १७० माणसे लिस्बनहून निघाली होती, त्यांपैकी निम्मीही परतली नाहीत.

पोर्तुगीजांचे खरे कर्तृत्व अटलांटिक महासागरात आहे, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वारे आणि प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात, त्यामुळे जाणे सोपे आणि त्याच वाटेने परतणे फार कठीण असते. पोर्तुगीज खलाशांनी यावर उपाय काढला, तो धाडसाचा होता. घरी परतायचे असले तर किनारा सोडून वायव्येकडे खोल समुद्रात शिरायचे, अझोर्स बेटांच्या अक्षांशावर पश्चिमेचे वारे गाठायचे आणि त्यांवर स्वार होऊन लिस्बनला यायचे. घराची दिशा एकीकडे असताना जहाज भलतीकडे न्यायचे, ही गोष्ट पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाशिवाय कोणी करणार नाही. गामाने हीच युक्ती दक्षिण गोलार्धात उलटी वापरली. किनाऱ्याकडे पाठ फिरवून तो दक्षिण अटलांटिकमध्ये मोठे वळण घेत गेला, आणि सुमारे तीन महिने त्याला जमीन दिसली नाही. कॅनरी बेटे सोडल्यापासून जमीन दिसेपर्यंत कोलंबसाला जेमतेम पाच आठवडे लागले होते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुवतारा दिसत नाही, तेथे अक्षांश काढायचा तर दुपारच्या सूर्याची उंची मोजावी लागते आणि त्या दिवशीची सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे, ते ठाऊक असावे लागते. तिची कोष्टके अब्राहम झाकुतो या ज्यू खगोलशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून मिळाली. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हाकलल्यावर तो पोर्तुगालला आला, त्याची कोष्टके १४९६ मध्ये तेथे छापली गेली, आणि लवकरच त्याला तो देशही सोडावा लागला.

प्रश्न : पोर्तुगालची लोकसंख्या फार तर दहा-पंधरा लाख होती. इतक्या दुरून आलेल्या मूठभर लोकांनी हिंदी महासागरावर सत्ता कशी चालवली? आपल्या राजांनी त्यांना अडवले का नाही?

उत्तर : सत्ता होती ती समुद्रावर आणि बंदरांच्या काठावर, आतल्या मुलखावर नव्हती. त्या समुद्रात गुजराती, अरब, इराणी, मलबारी मापिळे (तेथील मुसलमान), तमिळ आणि मलाय अशा अनेक व्यापाऱ्यांची ये-जा होती, आणि समुद्रच आपल्या मालकीचा असल्याचा दावा कोणी करत नसे. बंदरे एकमेकांशी चढाओढ करत ती कमी जकात आणि चांगली वागणूक देऊन. पोर्तुगीजांनी या व्यवहारात जड तोफा बसवलेली जहाजे आणली, आणि गामाच्या १५०२ च्या दुसऱ्या सफरीतच त्यांचा उपयोग कसा होणार हे दिसले : मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज लुटून, त्यातील स्त्रिया-मुलांसह, त्याने पेटवून दिले.

त्यानंतरची पावले झपाट्याने पडली. फ्रांसिस्कु द आल्मेइदा हा पहिला विजरई, म्हणजे राजाचा प्रतिनिधी, १५०५ मध्ये आला. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मामलुक आणि गुजरातच्या संयुक्त आरमाराने त्याच्या मुलाला ठार केले, आणि १५०९ मध्ये दीवच्या लढाईत आल्मेइदाने त्याचे उट्टे काढले. त्याच्यामागून अधिकारावर आलेल्या आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का आणि १५१५ मध्ये होर्मुझ घेतले. वसई गुजरातच्या बहादुरशहाकडून १५३४ च्या तहाने मिळाली. या प्रत्येक ठिकाणी स्थानिक वैरांचा उपयोग झाला. झामोरिन, म्हणजे कालिकतचा राजा, याच्या वर्चस्वाला कंटाळलेल्या कोचीच्या राजाने पोर्तुगीजांना आश्रय दिला. गोव्यावर चाल करण्याचा सल्ला आणि मदत तिमोजा या कोकण-कानडा किनाऱ्यावरील सरदाराने दिली, आणि बहादुरशहा त्या वेळी हुमायूनच्या भीतीखाली होता.

कारभाराचे मुख्य साधन होते कार्ताझ, म्हणजे परवाना. प्रत्येक व्यापारी गलबताने पोर्तुगीज अधिकाऱ्याकडून तो घ्यायचा. गलबत कोणाचे, केवढे, त्यावर शस्त्रे किती आणि ते कोठे निघाले आहे, हे त्यात लिहिलेले असे. मिरीसारखा राखीव माल नेण्याची त्यात मनाई असे. परवान्याची फी किरकोळ होती, पण जाता-येता पोर्तुगीजांच्या बंदराला लागून तेथे जकात भरण्याची सक्ती होती आणि खरी कमाई त्यात होती. परवाना नसलेले गलबत मालासकट जप्त होई. अकबराने गुजरात जिंकल्यावर त्यालाही मक्केला जाणाऱ्या जहाजांसाठी हे परवाने लागत, आणि त्याची आत्या गुलबदन बेगम हिचा यात्रेकरूंचा मेळा परवान्यापायी सुरतेला खोळंबून राहिला. १६१३ मध्ये तर जहांगीरच्या आईचे 'रहीमी' हे जहाज कार्ताझ असूनही पोर्तुगीजांनी पकडले.

राजांनी अडवले का नाही, या प्रश्नात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. झामोरिनचे आरमार सांभाळणाऱ्या कुंजाली मरक्कार घराण्याने जवळजवळ शतकभर समुद्रावर झुंज दिली आणि चौथ्या कुंजालीचा १६०० मध्ये गोव्यात शिरच्छेद झाला. मोठ्या राज्यांचे उत्पन्न मात्र मुख्यतः जमिनीच्या महसुलातून येत होते. बंदरावरची जकात त्यांच्या तिजोरीत लहान वाटा उचलत होती. म्हणून परवाना घेणे हा त्यांना आरमार उभारण्यापेक्षा स्वस्त मार्ग वाटला. ही गफलत पुढे महाग पडली, असे माझे मत आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर स्वतःचा दस्तक, म्हणजे परवाना, घेण्याची सक्ती केली, तेव्हा इंग्रजांनी तिला चाचेगिरी म्हटले. पण परवान्याचा हाच नियम त्याआधी दोनशे वर्षे त्या समुद्रावर लादला जात होता आणि त्याला कायदा म्हटले जात होते.

पोर्तुगीजांची पकडही पूर्ण नव्हती. आल्बुकर्कला १५१३ मध्ये एडन घेता आले नाही, त्यामुळे तांबड्या समुद्राचे दार उघडे राहिले आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिरी पुन्हा त्या वाटेने अलेक्झांड्रियाला जाऊ लागली.

प्रश्न : चिनी आरमार त्याआधीच भारत आणि आफ्रिकेपर्यंत आले होते. मग युरोप शोधण्याचे काम चीनने का केले नाही?

उत्तर : चीनच्या मिंग सम्राटांचा आरमारप्रमुख झेंग हे याच्या सात मोहिमा १४०५ ते १४३३ या काळात झाल्या, आणि कालिकत, होर्मुझ व पूर्व आफ्रिका त्यांच्या टप्प्यात होती; त्यामुळे प्रश्न क्षमतेचा नव्हता. मिंग दरबाराला दूरच्या राजांकडून मान्यता आणि नजराणे हवे होते, ते मिळाले. उत्तर सीमेवरील मंगोलांचा धोका, तिकडे वळलेली राजधानी आणि खर्चाविषयी दरबारातील विरोध यांमुळे मोहिमा थांबल्या. चीनला किंवा गुजरातच्या व्यापाऱ्यांना हवी असलेली बाजारपेठ आशियातच होती. युरोपला जाऊन आणावे असे तेथे फारसे काही नव्हते, हे पुढच्या प्रश्नाच्या उत्तरातून दिसेल.

प्रश्न : युरोपीय लोक मसाला, कापड आणि रेशीम घेऊन जात. त्याच्या बदल्यात ते काय देत?

उत्तर : सुरुवातीला त्यांच्याकडे देण्यासारखे थोडेच होते. गामाने झामोरिनला भेट देण्यासाठी पट्ट्यापट्ट्यांचे कापड, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची पात्रे, साखर, तेल आणि मध असा ऐवज काढला, तेव्हा मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून अधिक देतो, असे म्हणून तेथील अधिकारी हसले. ही उणीव भरून निघाली ती अमेरिकेच्या चांदीने. आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली, पेरूतील वांकावेलिकाच्या पाऱ्यामुळे हलक्या खनिजातूनही ती काढता येऊ लागली, आणि १५७० च्या दशकात विजरई तोलेदो याने इंकांची जुनी वेठीची पद्धत वापरून दरवर्षी सुमारे तेरा हजार पुरुष तेथे कामाला पाठवण्याची सक्ती केली. पाऱ्याची वाफ आणि खाणीतील धूळ यांनी त्यांच्यापैकी किती जणांचे आयुष्य खाल्ले याचा कोणी नीट हिशेब ठेवला नाही.

ही चांदी दोन वाटांनी आशियात आली : सेव्हिल, लिस्बन आणि पुढे ॲम्स्टरडॅम-लंडनमार्गे आणि थेट प्रशांत महासागरावरून. आंद्रेस दे उर्दानेता याने १५६५ मध्ये फिलिपिन्सहून मेक्सिकोला परतण्याची वाऱ्यांची वाट शोधली. १५७१ मध्ये मनिला स्पेनच्या ताब्यात आले आणि आकापुल्कोहून निघालेली चांदी तेथे चिनी रेशमाच्या बदल्यात खर्च होऊ लागली. ही जहाजे १८१५ पर्यंत चालू होती.

प्रश्न : कोर्तेसने पाचशे आणि पिझारोने पावणेदोनशे माणसांनिशी प्रचंड साम्राज्ये जिंकली. हे बंदुका आणि घोड्यांमुळे झाले का?

उत्तर : पोलादी शस्त्रे आणि घोडे यांचा मोठा फायदा झाला, परंतु पाचशे माणसांनी मेक्सिको जिंकले, हे वाक्य मुळातच चुकीचे आहे. कोर्तेस १५१९ मध्ये किनाऱ्यावर उतरला तेव्हा अझ्टेकांना खंडणी देऊन त्रासलेली आणि त्यांच्याशी सतत लढणारी नगरे आजूबाजूला होती. त्यांतील त्लास्काला आधी स्पॅनिशांशी लढले, मग त्यांच्या बाजूला आले. मालिन्त्सिन ही गुलाम म्हणून भेट मिळालेली तरुणी नावात्ल (अझ्टेकांची भाषा) आणि माया या दोन्ही भाषा जाणत होती. तिच्यामुळेच कोर्तेसला कोण कोणावर नाराज आहे हे कळत गेले. १५२० च्या ३० जूनच्या रात्री स्पॅनिश सैन्य अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान येथून जीव घेऊन पळाले, तेव्हा ते त्लास्कालाच्या आसऱ्यामुळे वाचले. पुढच्या वर्षी शहराला वेढा पडला त्यात शेकड्यांनी स्पॅनिश होते आणि हजारोंच्या संख्येने, अनेक नगरांतून आलेले, स्थानिक योद्धे होते.

मधल्या महिन्यांत देवीची साथ शहरात शिरली. ज्या रोगाशी या खंडातील एकाही पिढीचा संबंध आला नव्हता त्याने नवा सम्राट क्वित्लावाक यालाही नेले. १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोच्तित्लान पडले ते उपासमार, रोगराई आणि शेजाऱ्यांचे वैर या तिन्हींच्या माऱ्याखाली. पेरूतही असेच घडले. इंका सम्राट वाइना कापाक बहुधा युरोपीयांच्या पुढे धावलेल्या साथीत मेला, त्याच्या मुलांत यादवी झाली, आणि विजयी आतावाल्पा काहामार्का येथे असताना १६ नोव्हेंबर १५३२ रोजी पिझारोच्या १६८ माणसांनी त्याला दगा देऊन पकडले. खोलीभर सोन्याची खंडणी घेऊनही त्यांनी १५३३ मध्ये त्याला ठार मारले.

जिंकणे तेथेच संपले, असेही नाही. इंकांचे विल्काबाम्बा येथील राज्य १५७२ पर्यंत टिकले, मायांचे नोहपेतेन १६९७ पर्यंत, आणि चिलीतील मापुचे तर स्पेनचे साम्राज्य संपेपर्यंत बिओ-बिओ नदीच्या दक्षिणेला स्वतंत्र राहिले. पराभूतांचा इतिहास एका दिवसाच्या लढाईत गुंडाळला की ही सगळी माणसे पुस्तकातून नाहीशी होतात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : राजाच्या नावाने चाललेला पोर्तुगीज व्यापार आणि डच-इंग्रज कंपन्यांचा व्यापार यांत नेमका फरक काय?

उत्तर : फरक भांडवलात आणि जबाबदारीत आहे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने सुमारे ६४ लाख गिल्डर भागभांडवल उभे केले. ते एका सफरीपुरते नव्हते. भागधारकाला पैसे हवे असतील तर त्याने आपला भाग ॲम्स्टरडॅमच्या बाजारात दुसऱ्याला विकावा, कंपनीचे भांडवल मात्र तसेच राहावे, अशी व्यवस्था पडत गेली. लंडनच्या कंपनीला १६०० च्या अखेरीस सनद मिळाली, पण कायमचे भांडवल तिने १६५७ मध्ये उभारले. दोन्ही कंपन्यांना किल्ले बांधण्याचा आणि युद्ध करण्याचा अधिकार मिळाला, म्हणजे नफ्यासाठी निघालेल्या मंडळीच्या हाती राज्यसत्तेची साधने आली. याचा परिणाम आजच्या इंडोनेशियातील बांदा बेटांवर सर्वांत आधी दिसला. जायफळ तेव्हा केवळ तेथेच पिकत असे, आणि बेटवासी ते इंग्रजांनाही विकतात म्हणून १६२१ मध्ये डच कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान कून याने बेटे जिंकली, चाळीसहून अधिक प्रमुखांना ठार केले, आणि सुमारे पंधरा हजार वस्तीपैकी बहुतेक माणसे मारली गेली, उपाशी मेली किंवा गुलाम म्हणून हलवली गेली. बागा कंपनीच्या माणसांना वाटून दिल्या आणि मशागतीला गुलाम आणले.

प्रश्न : या अत्याचारांना त्या काळात कोणीच विरोध केला नाही का? की आज आपण आजचे निकष मागे लावतो?

उत्तर : विरोध झाला, आणि तो स्पष्ट शब्दांत झाला, म्हणून आजचे निकष मागे लावल्याचा आक्षेप मला पटत नाही. १५११ मध्ये सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनियो दे माँतेसिनोस या धर्मगुरूने वसाहतवाल्यांना तोंडावर विचारले, की ही माणसे नाहीत काय आणि कोणत्या अधिकाराने तुम्ही त्यांना गुलामीत ठेवता. बार्तोलोमे दे लास कासास याने आपली वतनदारी सोडली आणि पुढची पन्नास वर्षे याच कामाला दिली. त्याच्या आग्रहामुळे १५४२ मध्ये स्पेनच्या राजाने नवे कायदे केले. स्थानिकांना गुलाम करणे बंद झाले आणि त्यांच्या श्रमावरची वतने वारशाने देऊ नयेत असे ठरले. पेरूतील वतनदारांनी बंड केले, विजरई ब्लास्को नुन्येस वेला याला १५४६ मध्ये लढाईत मारले, आणि त्याआधीच राजाने वारशाचे कलम मागे घेतले होते. लास कासासने तरुणपणी स्थानिकांचे श्रम वाचवण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणण्याचे सुचवले होते, हेही येथे सांगायला हवे. त्याचा त्याला पुढे तीव्र पश्चात्ताप झाला.

आफ्रिकेतूनही आवाज उठला. काँगोचा ख्रिस्ती राजा पहिला आफोन्सो याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिले, की व्यापारी माझ्या प्रजेला, सरदारांच्या मुलांना आणि माझ्या नातलगांनाही पळवून नेत आहेत आणि देश ओस पडत आहे. आफोन्सो स्वतः युद्धकैदी विकत असे, त्यामुळे त्याची तक्रार गुलामीच्या प्रथेविरुद्ध नव्हती. स्वतंत्र माणसांना पकडून नेण्याविरुद्ध होती. विकायला आणलेला माणूस खरोखर गुलाम आहे की पळवलेला आहे याची तपासणी करण्यासाठी त्याने तीन अधिकारी नेमले. ब्राझीलमध्ये उसाचे मळे पसरल्यावर गुलामांची मागणी वाढतच गेली, आणि व्यापाऱ्यांना काँगोच्या राजाची तपासणी नको होती. १५७५ मध्ये पोर्तुगीजांनी काँगोच्या दक्षिणेला लुआंडा हे शहर वसवले. १५०१ ते १८६६ या काळात आफ्रिकेतून अटलांटिकवर चढवलेल्या सुमारे सव्वा कोटी माणसांपैकी सर्वांत अधिक माणसे त्याच एका बंदरातून गेली.